ऐकणे आणि ठरविणे : मानवी संबंधांचा सिद्धांत व कामगारांचा सहभाग

१

मराठीतील ‘ऐकणे’ ह्या क्रियापदाचे किमान दोन अर्थ आहेत. ‘त्याने आवाज ऐकला’ ह्या वाक्यात ते केवळ श्रवणाचे वाचक आहे. ‘मुलगा वडिलांचे ऐकतो’ ह्या वाक्यात मात्र त्याचा अर्थ सांगितल्याप्रमाणे वागणे असा होतो. ह्याखेरीज ‘ऐकून घेणे’ असा एक संयुक्त प्रयोग आहे. त्यात समोरच्यास बोलू देण्याचा भाव असतो. त्याच्या म्हणण्याप्रमाणे करण्याचे बंधन नसते. म्हणूनच ‘साहेबांनी सगळे ऐकून घेतले, पण ऐकले नाही’ हे वाक्य मराठी माणसाच्या कानास विसंगत वाटत नाही.

विसाव्या शतकातील व्यवस्थापनविषयक विचारांचा एक मोठा भाग ह्या अर्थभेदाच्या आधारे नीट समजून घेता येतो. कामगाराने व्यवस्थापकाचे ऐकावे, ही पहिली भूमिका. व्यवस्थापकाने कामगाराचे ऐकून घ्यावे, ही दुसरी. तीच ‘मानवी संबंधांचा सिद्धांत’ ह्या नावाने प्रसिद्ध आहे. दोघांनी मिळून ठरवावे, ही तिसरी. तिला ‘सहभाग’ असे म्हणतात. पाठ्यपुस्तकांतून दुसरी व तिसरी भूमिका बहुधा एकाच प्रकरणात, एकीतून दुसरी सहज उमलली अशा रीतीने मांडलेल्या आढळतात. वस्तुतः त्या दोहोंत केवळ पायरीचा नव्हे, तर जातीचा भेद आहे. ऐकून घेण्याने अधिकाराची वाटणी होत नाही. ठरविण्यात सामील होण्याने ती होते. हा भेद पुसट झाला म्हणजे कोणत्या घोटाळ्यांना वाव मिळतो, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

पहिल्या भूमिकेचे सर्वांत स्पष्ट प्रतिपादन फ्रेडरिक विन्स्लो टेलर ह्यांच्या १९११ साली प्रसिद्ध झालेल्या शास्त्रीय व्यवस्थापनावरील ग्रंथात सापडते. बेथलहेम पोलाद कारखान्यात कच्च्या लोखंडाचे ठोकळे वाघिणीत चढविणारे मजूर दर दिवशी माणशी सुमारे साडेबारा लाँग टन माल उचलीत. टेलर ह्यांच्या हिशेबाप्रमाणे योग्य माणूस ४७ टन उचलू शकत होता. त्यांनी एका मजुरास निवडले व मजुरी १.१५ डॉलरवरून १.८५ डॉलर करण्याचे आश्वासन देऊन त्याच्याकडून ते काम करून घेतले, असे ग्रंथात म्हटले आहे. पुढील संशोधकांनी ह्या कथेच्या तपशिलांविषयी शंका घेतल्या आहेत. तथापि कथा ज्या संवादाच्या रूपाने सांगितली आहे, तो संवाद सिद्धांत म्हणून महत्त्वाचा आहे.

त्या संवादात प्रश्न विचारण्याचा हक्क एकाच बाजूकडे आहे. मजुराची उत्तरे तुटक, बऱ्याच अंशी होकारार्थी किंवा न समजल्याची कबुली देणारी आहेत. उचल म्हटले की उचलावयाचे, बस म्हटले की बसावयाचे, आणि उलट बोलावयाचे नाही, असा त्या बोलण्याचा निष्कर्ष आहे. येथे योजना एकाकडे व कृती दुसऱ्याकडे, अशी फाळणी पूर्ण झाली आहे. टेलर ह्यांस कामगाराविषयी आकस होता असे म्हणण्याचे कारण नाही. वाढीव उत्पादनाबरोबर मजुरीही वाढावी असे ते आग्रहाने सांगत. परंतु काम कसे करावे ह्याविषयी कामगारास काही सांगावयाचे असेल, ह्या कल्पनेस त्यांच्या पद्धतीत जागा नव्हती. ह्या पद्धतीत कामगाराने उलट बोलणे हा कामातील व्यत्यय होता; त्यातून माहिती मिळू शकते असे ती मानीत नव्हती.

३

ही जागा निर्माण झाली ती शिकागोलगतच्या सिसेरो येथील हॉथॉर्न कारखान्यात. वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या ह्या कारखान्यात १९२४ ते १९२७ ह्या काळात दिव्यांच्या प्रकाशाचा उत्पादनावर काय परिणाम होतो हे तपासण्यात आले. परंतु त्यातून सरळ निष्कर्ष निघेना. एप्रिल १९२७ मध्ये टेलिफोनचे रिले जोडणाऱ्या पाच स्त्रिया व त्यांना सुटे भाग पुरविणारी एक, अशा सहाजणींना वेगळ्या खोलीत बसवून निराळा प्रयोग सुरू झाला. विश्रांतीच्या वेळा, कामाचे तास, मजुरीची पद्धत ह्यांत एकामागून एक बदल करण्यात आले. उत्पादन एकंदरीने वाढत गेले. हार्वर्ड विद्यापीठातील एल्टन मेयो १९२८ पासून ह्या प्रयोगांशी संबंधित झाले, आणि वाढीचे श्रेय त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी सैल देखरेख, मोकळे वातावरण व त्यातून निर्माण झालेली समूहभावना ह्यांना दिले.

ह्या निष्कर्षावर पुढे बरीच टीका झाली. १९६७ साली अ‍ॅलेक्स केरी ह्यांनी मूळ पुराव्याची फेरतपासणी करून मजुरीच्या पद्धतीचा व शिस्तीचा वाटा दुर्लक्षिला गेल्याचे दाखविले. १९७८ साली फ्रँक व कॉल ह्यांनी संख्याशास्त्रीय पद्धतीने तशाच स्वरूपाचे आक्षेप मांडले. ह्या संदर्भात एक घटना विशेष बोलकी आहे. मोकळेपणाने बोलू देणे हे ज्या खोलीचे वैशिष्ट्य म्हणून सांगितले जाते, त्याच खोलीतून जानेवारी १९२८ मध्ये दोन स्त्रियांना काढून त्यांच्या जागी दुसऱ्या दोघींना आणण्यात आले. त्यांच्याविरुद्ध तक्रार होती ती फार बोलण्याची व सहकार्य न करण्याची. मोकळीक होती, परंतु तिची मर्यादा ठरविण्याचा अधिकार दुसऱ्याच्या हाती होता.

हॉथॉर्नचा दुसरा टप्पा मुलाखतींचा होय. १९२८ ते १९३० ह्या काळात एकवीस हजारांहून अधिक कामगारांच्या मुलाखती घेण्यात आल्या. आरंभी ठरावीक प्रश्न विचारीत. १९२९ मध्ये ती पद्धत सोडून कामगारास हव्या त्या विषयावर बोलू द्यावे, मध्ये बोलू नये, उपदेश करू नये, असा नियम करण्यात आला. औद्योगिक इतिहासात एवढ्या प्रमाणावर कामगारांचे बोलणे टिपून घेण्याचा हा प्रयत्न अपूर्व होता, ह्यात संशय नाही.

परंतु त्या बोलण्याचा अर्थ कसा लावला गेला, हे पाहणे आवश्यक आहे. रोथलिसबर्गर व डिक्सन ह्यांच्या १९३९ सालच्या बृहद्ग्रंथात तक्रारीचा उघड आशय व तिचा सुप्त आशय असा भेद केला आहे. त्यांच्या उदाहरणातील एक कामगार नगावरचे दर कमी आहेत अशी तक्रार करतो. मुलाखतीत असे निघते की, त्याची पत्नी रुग्णालयात असून डॉक्टरांच्या बिलांची त्याला विवंचना आहे. तेव्हा ही तक्रार दरांविषयी नसून त्याच्या विवंचनेचे लक्षण आहे, असा बोध काढला जातो.

भाषाशास्त्राच्या दृष्टीने येथे एक महत्त्वाची गोष्ट घडते. ‘दर कमी आहेत’ हे विधान आहे. ते खरे असेल किंवा खोटे असेल, आणि ते ठरविण्यासाठी दर तपासावे लागतील. तेच वाक्य लक्षण म्हणून घेतले की खऱ्याखोट्याचा प्रश्नच उरत नाही. ताप खरा की खोटा असे कोणी विचारीत नाही. तो कशामुळे आला एवढेच पाहावयाचे असते. अशा रीतीने बोलणाऱ्याकडे पूर्ण लक्ष दिले जाते, आणि त्याने काय म्हटले ते मात्र बाजूस पडते. पत्नी आजारी असणे व दर कमी असणे ह्या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. किंबहुना दर कमी असल्यामुळेच बिल जड जात असेल, ही शक्यता ह्या पद्धतीत उपस्थितच होत नाही.

हीच दृष्टी तारजोडणीच्या खोलीतील निरीक्षणातही दिसते. नोव्हेंबर १९३१ ते मे १९३२ ह्या काळात चौदा पुरुष कामगारांचे निरीक्षण करण्यात आले. त्यांनी आपसांत दिवसाच्या कामाचे एक माप ठरविलेले होते. त्याहून जास्त करणाऱ्यास एक टोपणनाव, कमी करणाऱ्यास दुसरे, आणि वरिष्ठांकडे चहाडी करणाऱ्यास तिसरे असे; मर्यादा ओलांडणाऱ्याच्या दंडावर ठोसा मारण्याचीही रीत होती. अभ्यासकांनी ह्याचे वर्णन तर्कापेक्षा भावनेवर आधारलेले वर्तन असे केले. परंतु तो महामंदीचा काळ होता, कामगार कमी केले जात होते, आणि जास्त काम केल्यास दर घटतील किंवा माणसे घटतील ही भीती निराधार नव्हती. चौदा माणसांनी मिळून घेतलेला तो एक निर्णय होता. तो योग्य की अयोग्य ह्याची चर्चा होऊ शकली असती. परंतु त्यास भावना म्हटल्यावर चर्चेचे कारणच उरले नाही.

१९३६ साली ह्याच कारखान्यात समुपदेशनाची योजना सुरू झाली आणि ती १९५६ पर्यंत चालली. समुपदेशकाने कामगाराचे शांतपणे ऐकून घ्यावयाचे. परंतु त्यावर स्वतः काही करण्याचा अधिकार त्यास नव्हता. ऐकून घेणे हे ऐकण्यापासून संपूर्णपणे वेगळे काढले, तर त्याचे स्वरूप काय होते, ह्याचा हा जणू शुद्ध नमुना होय.

४

ठरविण्यात सामील होण्याची कल्पना वेगळ्या उगमातून आली. मेरी पार्कर फॉलेट ह्यांनी १९२५ साली आज्ञा देण्याच्या प्रश्नावर एक व्याख्यान दिले. एका माणसाने दुसऱ्यास हुकूम करण्याऐवजी दोघांनी मिळून परिस्थितीचा अभ्यास करावा आणि परिस्थितीच जे सांगेल ते दोघांनीही मानावे, असे त्यांचे प्रतिपादन होते. दुसऱ्यावर चालविलेली सत्ता व दुसऱ्यासह चालविलेली सत्ता हा त्यांचा भेद प्रसिद्ध आहे. मराठीच्या परिभाषेत बोलावयाचे तर, कोणी कोणाचे ऐकावयाचे हा प्रश्न त्यांनी बाजूस सारला आणि दोघांनी कामाचे ऐकावे असे सुचविले.

ह्या कल्पनेस प्रयोगाचे रूप आले ते कुर्ट लेव्हिन ह्यांच्या प्रभावाखालील संशोधनात. लेस्टर कॉक व जॉन फ्रेंच ह्यांचा व्हर्जिनियातील हारवुड कारखान्यातील प्रयोग १९४८ साली प्रसिद्ध झाला. हा पायजमे शिवणारा कारखाना होता, आणि कामाची पद्धत बदलली की कामगार नाराज होत, उत्पादन घसरे व पुष्कळजण काम सोडून जात. अभ्यासकांनी कामगारांचे गट केले. पहिल्या गटास बदल व नवे दर नीट समजावून सांगण्यात आले, प्रश्नांची उत्तरेही देण्यात आली. परंतु ठरलेले होते ते ठरलेलेच होते. दुसऱ्या गटाने प्रतिनिधी निवडले व त्यांच्या साहाय्याने नवी पद्धत आखण्यात आली. उरलेल्या दोन गटांत सर्वच कामगार आखणीत सामील झाले.

पहिल्या गटातील १७ टक्के कामगार पहिल्या चाळीस दिवसांतच काम सोडून गेले व उत्पादन सावरले नाही. पूर्ण सहभागाच्या गटांचे उत्पादन लवकर सावरले आणि पूर्वीच्या पातळीहून सुमारे १४ टक्क्यांनी वर गेले. लक्षणीय गोष्ट अशी की, पहिल्या गटातील उरलेल्या कामगारांना काही काळाने पूर्ण सहभागाच्या पद्धतीने नव्या कामावर नेले, तेव्हा त्यांनीही तशीच प्रगती केली. दोष माणसांचा नव्हता, पद्धतीचा होता.

ह्या अहवालात अभ्यासकांनी सहज नोंदलेले एक निरीक्षण असे : आखणीत भाग घेतलेले प्रतिनिधी कामगार नव्या कामाचा व नव्या दराचा उल्लेख ‘आमचे काम’, ‘आमचा दर’ अशा शब्दांनी करू लागले. की ते ‘आपले काम’, ‘आपला दर’ असे म्हणत होते? इंग्रजीतील प्रथमपुरुषी अनेकवचनावरून हे कळण्यास मार्ग नाही. मराठीत ऐकणाऱ्यास वगळणारे ‘आम्ही’ व ऐकणाऱ्यास सामावून घेणारे ‘आपण’ असा भेद आहे. इंग्रजीत दोहोंस एकच शब्द पुरतो. सहभागाच्या सिद्धांताचा सगळा प्रश्न ह्या सर्वनामात साठविलेला आहे. व्यवस्थापनाने ‘आम्ही ठरविले आहे’ म्हणणे हा टेलर ह्यांचा मार्ग. ‘आपण ठरवू’ म्हणणे हा सहभागाचा मार्ग. परंतु आधीच ठरवून नंतर ‘आपण ठरवू’ म्हणणे हा एक तिसरा मार्गही आहे, आणि तो फार वापरात आहे.

खुद्द हारवुडमध्येही बदल कसा करावा हे कामगारांनी ठरविले. खर्च कमी करण्याची निकड मात्र व्यवस्थापनाने मांडलेली होती. म्हणून तेथील ‘आपण’ खोटे ठरत नाही. परंतु त्याची व्याप्ती किती होती, हे विसरता कामा नये.

५

लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेतील अभ्यासकांनी ह्या विचारास आणखी एक वळण दिले. एरिक ट्रिस्ट व स्वतः पूर्वी खाणकामगार असलेले केनेथ बॅमफोर्थ ह्यांनी १९५१ साली ब्रिटिश कोळसाखाणींतील यांत्रिकीकरणाचा अभ्यास प्रसिद्ध केला. जुन्या पद्धतीत लहान टोळ्या एकमेकांस निवडून संपूर्ण काम स्वतः करीत. नव्या पद्धतीत तेच काम तीन पाळ्यांत वाटले गेले. प्रत्येक पाळीने एकच प्रकारचे काम करावयाचे, आणि एकीची चूक दुसरीने भोगावयाची. वागणूक कितीही सौजन्याची ठेवली तरी ह्या रचनेतील दोष जाणारा नव्हता. सहभाग हा वागणुकीत नव्हे, तर कामाच्या रचनेत असावा लागतो, हा ह्या अभ्यासाचा धडा होय.

त्याची कसोटी तेव्हाच्या मुंबई राज्यात लागली. १९५३ साली अहमदाबादच्या कॅलिको गिरणीत टॅव्हिस्टॉकचे ए. के. राइस आले. तेथील स्वयंचलित मागांच्या एका शेडमध्ये २२४ मागांवर पाळीस २९ कामगार बारा प्रकारची कामे करीत. विणकर, बॅटरी भरणारे, तुटलेला ताणा जोडणारे, जॉबर, तेलवाले, झाडूवाले ह्या प्रत्येकाचे काम वेगळे व कामाचे प्रमाणही वेगळे होते. कोणत्याही मागाची संपूर्ण जबाबदारी कोणाकडेच नव्हती. मागांचा एक संच व तो सांभाळणारा एक लहान गट अशी नवी कल्पना निघाली. ती पुढे येताच कामगारांनी स्वतःच गट पाडून घेतले व अल्पावधीत ती अमलात आणली. उत्पादन वाढले व कापडातील दोष घटले. हा वृत्तांत राइस ह्यांच्या १९५८ सालच्या ग्रंथात आहे.

ह्या प्रयोगाचा उत्तरार्धही तितकाच बोधप्रद आहे. एरिक मिलर ह्यांनी १९७० साली केलेल्या व १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत असे आढळले की, एका शेडमध्ये गटपद्धती बऱ्याच अंशी टिकून होती. अन्यत्र मात्र ती हळूहळू जुन्या वळणावर गेली होती. व्यवस्थापनाच्या सोयीने दिलेला सहभाग ती सोय बदलली की आटतो. ज्यास हक्काचा आधार नाही, अशा सहभागाची ही स्वाभाविक गती होय.

६

ह्यावरून सहभागाचे प्रकार वेगळे करण्याची आवश्यकता स्पष्ट होते. कॅरोल पेटमन ह्यांनी १९७० सालच्या आपल्या ग्रंथात तीन प्रकार सांगितले. आधीच झालेला निर्णय लोकांनी मानावा म्हणून चर्चेचे वातावरण निर्माण करणे हा आभासी सहभाग. मतप्रभाव पाडता येतो, परंतु अंतिम निर्णयाचा अधिकार दुसऱ्याकडे राहतो, तो आंशिक सहभाग. निर्णयात प्रत्येकाची शक्ती समान असते तो पूर्ण सहभाग.

रेमंड माइल्स ह्यांनी १९६५ साली ह्याच प्रश्नाची दुसरी बाजू दाखविली. हाताखालच्या लोकांना बरे वाटावे, त्यांचा विरोध मावळावा म्हणून त्यांस विचारावे, हा एक दृष्टिकोन. त्यांच्याजवळ ज्ञान व बुद्धी आहे म्हणून विचारावे, हा दुसरा. माइल्स ह्यांना असे आढळले की, व्यवस्थापक आपल्या हाताखालच्यांना पहिला दृष्टिकोन लावतात आणि वरिष्ठांनी आपल्याशी वागताना मात्र दुसरा लावावा अशी अपेक्षा ठेवतात. स्वतःचे बोलणे प्रत्येकास विधान वाटते. दुसऱ्याचे लक्षण वाटते.

कामगारांना हा भेद कळत नाही असे समजणे चूक आहे. फ्रेंच, इस्रायल व ओस ह्यांनी हारवुडसारखाच प्रयोग नॉर्वेतील एका पादत्राणांच्या कारखान्यात केला व १९६० साली त्याचे निष्कर्ष मांडले. तेथे सहभागी गटांच्या उत्पादनात उल्लेखनीय फरक पडला नाही. ज्या बाबी गटांपुढे ठेवल्या त्या उत्पादनाच्या दृष्टीने गौण होत्या. शिवाय आपला आवाज संघटनेमार्फत उठावा हीच तेथील कामगारांना रूढ व न्याय्य रीत वाटत होती.

७

भारतीय कायद्यातील क्रियापदांकडे पाहिले असता हाच प्रश्न दिसतो. १९४७ च्या औद्योगिक विवाद अधिनियमाच्या तिसऱ्या कलमात शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांत कार्यसमिती स्थापण्याची तरतूद होती. सलोखा राखण्यास उत्तेजन देणे, समान हिताच्या बाबींवर अभिप्राय देणे, मतभेद मिटविण्याचा प्रयत्न करणे ही समितीची कर्तव्ये होत. ह्यांत ‘ठरविणे’ हे क्रियापद नाही. १९६० साली नॉर्थ ब्रुक ज्यूट कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कार्यसमिती ही कामगार संघटनेची जागा घेऊ शकत नाही, असे स्पष्ट केले. १९५८ पासून स्वेच्छेने स्थापन झालेल्या संयुक्त व्यवस्थापन परिषदांना काही विषयांत विचारले जाण्याचा, काहींत माहिती मिळण्याचा, आणि कल्याण, सुरक्षितता, प्रशिक्षण अशा बाबींत प्रत्यक्ष कारभाराचा अधिकार होता. वेतन व बोनस हे विषय वगळलेले होते. १९७६ च्या घटनादुरुस्तीने मार्गदर्शक तत्त्वांत कलम ४३क घालून व्यवस्थापनातील कामगारांचा सहभाग हे राज्याचे उद्दिष्ट म्हणून मान्य केले; परंतु त्यासाठी १९९० साली राज्यसभेत मांडलेले विधेयक कायद्याच्या रूपात आले नाही. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही कार्यसमितीची कर्तव्ये पूर्वीच्याच क्रियापदांनी सांगितली आहेत.

ह्याच्या तुलनेसाठी जर्मनीकडे पाहता येईल. तेथे १९५१ च्या कायद्याने कोळसा व पोलाद उद्योगांच्या पर्यवेक्षक मंडळांवर कामगारांना भांडवलदारांच्या बरोबरीने जागा मिळाल्या. १९७६ च्या कायद्याने हे तत्त्व दोन हजारांहून अधिक कामगारांच्या अन्य कंपन्यांना लागू केले. मात्र समसमान मते पडल्यास अध्यक्षास दुसरे मत दिले. मर्यादा असली तरी ती उघड व मोजता येण्याजोगी आहे. अभिप्रायाची मोजदाद करता येत नाही, मताची करता येते.

८

मानवी संबंधांच्या सिद्धांताने कामगारास यंत्राच्या पंक्तीतून उठवून माणसांच्या पंक्तीत बसविले, हे त्याचे श्रेय कोणी नाकारू नये. ज्या कारखान्यात कामगारास तोंड उघडण्याची सोय नव्हती, तेथे ऐकून घेणारा माणूस येणे हीही मोठी गोष्ट होती. आक्षेप आहे तो ऐकून घेण्यास सहभाग म्हणण्यावर. त्यामुळे ज्यास काहीच मिळाले नाही त्यास आपला वाटा मिळाला आहे असे सांगता येते, आणि तो असमाधानी राहिला तर दोष त्याच्या मनोवृत्तीचा ठरविता येतो.

‘सहभाग’ ह्या शब्दात ‘भाग’ आहे, आणि भाग म्हणजे वाटा. व्यवहारात मात्र ‘कामगारांना सहभागी करून घेतले’ असा प्रयोग रूढ आहे. त्या वाक्यात करून घेणारा एक आहे व करून घेतला जाणारा दुसरा. कर्त्याची जागा बदललेली नाही. एखाद्या योजनेत सहभाग कितपत खरा आहे हे पाहावयाचे असेल, तर तिच्या मसुद्यातील वाक्ये घेऊन बसावे. कामगार हा शब्द कोणत्या क्रियापदांचा कर्ता आहे, हे शोधावे. तो बोलतो, सुचवितो, कळवितो, अभिप्राय देतो, एवढेच आढळले तर ती मानवी संबंधांची योजना होय, आणि तिला त्याच नावाने ओळखावे. तो ठरवितो, असे एक जरी वाक्य सापडले, तरी त्या वाक्यापुरता सहभाग आहे असे म्हणता येईल.